कर्नल बांधताना ड्रायव्हर कसे निवडावेत: आधी यादी, मग मेन्यू

स्वतः बांधलेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू होतो, पण वायफाय दिसत नाही. किंवा सगळं चालतं, फक्त टचपॅड निपचित. किंवा काळ्या स्क्रीनवर 'रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते आणि यंत्र तिथेच थांबतं. तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: थेट कर्नलच्या पर्यायांचा मेन्यू उघडून हजारो पर्यायांतून 'हे लागेल, हे नको' करत बसणं. ड्रायव्हर ठरवायचे असतात मेन्यू उघडण्याआधी, चालू असलेल्या कर्नलला विचारून. मेन्यूत फक्त ते नोंदवायचे.

खालची माहिती इंटेल किंवा एएमडीच्या ६४-बिट लॅपटॉपसाठी, डेबियन किंवा उबंटूवर, कर्नलच्या ६.१२ या दीर्घकालीन मालिकेला धरून आहे. फेडोरा, आर्च वगैरेंवर पॅकेजची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

कमांड इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत करायच्या. कर्नलच्या पर्यायांची नावं मात्र मोठ्या अक्षरांत आणि अंडरस्कोरसह असतात. फाइलमध्ये त्यांच्या आधी 'कॉन्फिग_' लागतं. इथे ते प्रत्येक वेळी लिहिलेलं नाही.

१. हत्यारं, जागा आणि परतीची वाट

डेबियन-उबंटूवर ही पॅकेजं आधी बसवा: बिल्ड-एसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएनकर्सेस-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह आणि ड्वार्व्ज. शेवटचं पॅकेज लोक विसरतात. वितरकाच्या, म्हणजे डेबियन-उबंटूने दिलेल्या, कॉन्फिगमध्ये (पर्यायांच्या फाइलमध्ये) बीटीएफ नावाची डीबग माहिती चालू असते, तिला याच पॅकेजमधलं 'पाहोल' लागतं. ते नसेल तर बीटीएफचा पर्याय निमूटपणे गळून जातो; जुन्या मालिकांत तर बांधणी शेवटाकडे येऊन कोसळायची, म्हणजे सगळा वेळ खर्च झाल्यावर.

छाटलेल्या (फक्त गरजेचे ड्रायव्हर ठेवलेल्या) कॉन्फिगला होम फोल्डरमध्ये साधारण १२ जीबी मोकळी जागा पुरते. वितरकाचं पूर्ण कॉन्फिग डीबग माहितीसकट बांधणार असाल तर त्याच्या दुपटीहून जास्त धरा. '/बूट' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तीही जागा बघून घ्या.

आता परतीची वाट. सध्याचा चालता कर्नल काढू नका. उबंटूवर ग्रबचा, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यू सहसा लपलेला असतो. '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' फाइलमध्ये 'ग्रब_टाइमआउट_स्टाइल' ला 'मेन्यू' आणि 'ग्रब_टाइमआउट' ला ५ द्या (ही दोन नावं मोठ्या अक्षरांत), मग 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. नवा कर्नल रुसला तर जुना निवडायला ही पाच सेकंदं लागतात.

तपासणी: 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' चालवा. सिक्युअर बूट चालू असेल तर घरी बांधलेला, सही नसलेला कर्नल सुरूच होणार नाही, आणि तुम्ही उगाच ड्रायव्हरमध्ये चूक शोधत बसाल. एक तर बायोसमधून ते बंद करा, नाहीतर स्वतःची किल्ली नोंदवून कर्नलवर सही करा.

२. चालू कर्नलकडून हजेरी घ्या

ही पायरी घाईत उरकू नका, पुढचे तास इथे वाचतात.

आधी सगळी जोडता येण्यासारखी उपकरणं जोडा आणि एकदा वापरा. पेनड्राइव्ह नुसता खुपसून भागत नाही. तो माउंट करा, म्हणजे 'व्हीफॅट' आणि त्याची कोडपेज मॉड्यूलं (गरजेला कर्नलमध्ये चढणाऱ्या वेगळ्या फाइली) लोड होतात. एक्सफॅट असलेलं कार्ड, एनटीएफएस असलेली बाहेरची डिस्क, वेबकॅम, एचडीएमआय मॉनिटर, ब्लूटूथ हेडफोन हे सगळं एकदा चालवा. आर्डुइनो किंवा तसे बोर्ड वापरत असाल तर तेही: मूळ ऊनो बोर्ड 'सीडीसी-एसीएम' ने चालतो, स्वस्त प्रतींवर बहुधा 'सीएच३४१' चिप असते, इतर बऱ्याच बोर्डांवर 'सीपी२१०एक्स' किंवा 'एफटीडीआय'. डॉकर, व्हर्च्युअल मशीन, व्हीपीएन वापरत असाल तर त्यांनाही एकदा सुरू करा. ते हार्डवेअर नव्हे, पण त्यांचीही मॉड्यूलं असतात आणि छाटणीत तीच आधी उडतात.

आणि फोनचं यूएसबी टेदरिंग न विसरता चालू करा. नव्या कर्नलवर वायफाय गेलं तर नेट आणायचा तोच एक हमखास मार्ग उरतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनना 'आरएनडीआयएस_होस्ट' लागतं, काहींना 'सीडीसी_एनसीएम'. दोन्ही ठेवा.

सगळं एकाच वेळी जोडलेलं असायला हवं असं नाही. मॉड्यूल एकदा लोड झालं की उपकरण काढल्यावरही साधारणपणे रीबूटपर्यंत तसंच राहतं. एकेक करून जोडा, वापरा, काढा. मग:

    एलएसमॉड > ~/यादी-मॉड
    एलएसपीसीआय -एनएनके > ~/यादी-पीसीआय
    एलएसयूएसबी -टी > ~/यादी-यूएसबी
    सुडो डीमेसेज > ~/यादी-बूट

दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्येक उपकरणाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असते. खरी माहिती ती. तिच्याखालची 'कर्नल मॉड्यूल्स' ही ओळ फक्त उमेदवार सांगते, निवडून आलेला नव्हे. कंसातले चार-चार अंक-अक्षरांचे दोन आकडे, म्हणजे बनवणाऱ्याचा आणि उपकरणाचा क्रमांक, हेही टिपून ठेवा. उदाहरणार्थ '८०८६:ए०एफ०' हे इंटेलचं एएक्स२०१ वायफाय आणि '१०ईसी:८१६८' हे रियलटेकचं लॅन कार्ड. बाजारात विकलेलं नाव आणि आतली चिप यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे क्रमांक मात्र चिपच सांगते.

इशारा: 'एलएसमॉड' मध्ये नाव नाही म्हणजे ड्रायव्हर लागत नाही, असं समजू नका. कर्नलमध्येच विणलेले ड्रायव्हर तिथे दिसत नाहीत. त्यांची नावं '/लिब/मॉड्यूल्स/$(यूनेम -आर)/मॉड्यूल्स.बिल्टइन' या फाइलमध्ये असतात.

३. मॉड्यूलच्या नावावरून पर्यायाचं नाव काढा

मॉड्यूलचं नाव आणि मेन्यूतल्या पर्यायाचं नाव नेहमी सारखं नसतं. अंदाज बांधू नका. उतरवून उलगडलेल्या कर्नल सोर्सच्या फोल्डरमध्ये उभं राहून मेकफाइलींना विचारा ('मेकफाइल' चं पहिलं रोमन अक्षर मोठं):

    ग्रेप -आरएन "आर८१६९.ओ" --इन्क्लूड=मेकफाइल ड्रायव्हर्स साउंड

जी ओळ 'ओबीजे-' ने सुरू होते तिच्या कंसात पर्यायाचं नाव असतं. इथे ते आर८१६९. शोधून काही मिळालं नाही तर अंडरस्कोरच्या जागी आडवी रेघ टाकून बघा. 'एलएसमॉड' सगळीकडे अंडरस्कोर दाखवतं, पण फाइलींच्या नावात बऱ्याचदा आडवी रेघ असते: यादीत 'एसएनडी_एचडीए_इंटेल' दिसतं, मेकफाइलमध्ये 'एसएनडी-एचडीए-इंटेल.ओ'. या एका रेघेपायी अनेक जण 'हा ड्रायव्हर या आवृत्तीत नाहीच' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

कागदावर तीन रकाने करा: उपकरण, मॉड्यूल, पर्याय. लॅपटॉपला वीस-पंचवीस ओळी होतात. चौथा रकाना पाचव्या टप्प्यात भरायचा आहे, तो रिकामा सोडा.

४. पाया: वितरकाचं कॉन्फिग, त्यावर छाटणी

कोऱ्या पाटीवरून सुरुवात करू नका. वितरकाचं कॉन्फिग तुमच्या यंत्रावर चालतंय हे सिद्ध झालेलं आहे.

    सीपी /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर) .कॉन्फिग
    येस "" | मेक एलएसमॉड=$होम/यादी-मॉड लोकलमॉडकॉन्फिग

('एलएसमॉड' आणि 'होम' ही इथे चलांची नावं आहेत, ती मोठ्या अक्षरांत टाइप करा.) दुसरी कमांड तुमच्या यादीत नसलेली मॉड्यूलं बंद करते. आधीपासून 'वाय', म्हणजे कर्नलच्या पोटात, असलेल्या गोष्टींना ती हात लावत नाही, म्हणूनच ती सुरक्षित आहे. पूर्ण फोल्डर वाचवायचे असतील तर 'एलएमसी_कीप' हे चल आहे (तेही मोठ्या अक्षरांत). त्याला "ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस" असं कोलनने जोडून दिलं की त्या फोल्डरांतली मॉड्यूलं छाटली जात नाहीत. यूएसबीच्या बाबतीत हे जरूर करा. बांधणीला थोडा वेळ जास्त लागतो, पण उद्या मित्राने नवी वस्तू आणून जोडली की पुन्हा बांधणी करावी लागत नाही.

लगेच वितरकाच्या किल्ल्यांचा फास काढून टाका. डेबियन-उबंटूच्या कॉन्फिगमध्ये प्रमाणपत्राच्या फाइलींचे पत्ते असतात, त्या फाइली तुमच्याकडे नसतात आणि बांधणी 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून थांबते:

    स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर सिस्टिम_ट्रस्टेड_कीज ""
    स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर सिस्टिम_रिव्होकेशन_कीज ""

याच वेळी 'लोकलव्हर्जन' ला स्वतःची शेपटी द्या, समजा '-घर१'. प्रत्येक मोठ्या प्रयोगाला क्रमांक वाढवा. शेपटी तीच ठेवली तर नव्या बांधणीची मॉड्यूलं जुन्या चालत्या बांधणीच्या फोल्डरवर लिहिली जातात आणि परत जायचा रस्ता तुम्हीच खणून ठेवता.

तपासणी: 'सीपी .कॉन्फिग ~/कॉन्फिग-पाया' अशी प्रत बाजूला ठेवा. पुढे काय बदललं ते 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' या दोन फाइलींमधून नेमकं काढून देतं.

५. वाय की एम: प्रश्न एकच

बहुतेक ड्रायव्हरना तीन स्थिती असतात. 'वाय' म्हणजे कर्नलच्या पोटात, 'एम' म्हणजे वेगळी मॉड्यूल फाइल, 'एन' म्हणजे नाही. यावर 'वाय वेगवान, एम हळू' असा एक समज आहे. रोजच्या वापरात तो फरक जाणवत नाही. प्रश्न वेगळाच विचारायचा: हा ड्रायव्हर रूट डिस्क उघडण्याआधी लागतो की नंतर?

मॉड्यूलं डिस्कवर असतात. डिस्क उघडायचा ड्रायव्हरच डिस्कवर ठेवला तर कपाटाची किल्ली कपाटात ठेवल्यासारखं होतं. यातून सुटायला इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी, तात्पुरती फाइल सिस्टिम) असते, पण ती नीट बनलेली असली तरच. म्हणून डिस्कच्या वाटेवरचं सगळं 'वाय' करा:

एनव्हीएमई डिस्कसाठी 'बीएलके_डीईव्ही_एनव्हीएमई'. साटा डिस्कसाठी 'साटा_एएचसीआय' आणि त्याच्या जोडीला 'बीएलके_डीईव्ही_एसडी'. नुसतं पहिलं घेतलं तर कंट्रोलर सापडतो, डिस्क नाही. फाइल सिस्टिमसाठी 'एक्स्ट४_एफएस' किंवा तुमची जी असेल ती. काही इंटेल लॅपटॉपांत बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारा इंटेलचा मधला थर) चालू असतं, तेव्हा एनव्हीएमई डिस्क त्या पडद्याआड असते आणि 'व्हीएमडी' हा पर्याय नसेल तर कर्नलला ती दिसतच नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या पीसीआय यादीत 'व्हीएमडी' ड्रायव्हर दिसला होता का ते बघा.

इनिटरॅमएफएस वापरणार असाल, आणि एन्क्रिप्टेड डिस्क किंवा एलव्हीएम असेल तर वापरावीच लागेल, तर 'बीएलके_डीईव्ही_इनिटआरडी' सोबत तिच्या कॉम्प्रेशनचा पर्यायही हवा. सध्या डेबियन-उबंटू ती झेडस्टँडर्डमध्ये दाबतात, त्याला 'आरडी_झेडएसटीडी' लागतं. तो नसेल तर फाइल जागेवर असते, कर्नलला मात्र ती उघडता येत नाही.

इशारा: इनिटरॅमएफएस न ठेवण्याचा बेत असेल तर 'रूट=यूयूआयडी=' हे चालणार नाही. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (तिचा ओळख-क्रमांक) कर्नल स्वतः ओळखत नाही. तो 'पार्टयूयूआयडी', म्हणजे पार्टिशनचा क्रमांक, ओळखतो. ड्रायव्हर अचूक असूनही इथे अडकलेले बरेच जण असतात.

उरलेल्या सगळ्याला, म्हणजे वायफाय, ब्लूटूथ, आवाज, वेबकॅम, लॅन, ग्राफिक्स, 'एम' द्या. त्यामागचं खरं कारण सातव्या टप्प्यात आहे. कागदावरचा चौथा रकाना आता भरा.

६. आता मेन्यू

'मेक मेन्यूकॉन्फिग' चालवा. फोल्डरात फोल्डर उघडत हिंडू नका. तिरकी रेघ '/' दाबा आणि कागदावरचं नाव शोधा. निकालात पर्यायाची सद्यस्थिती, तो मेन्यूत कुठे आहे आणि कशावर अवलंबून आहे ते दिसतं. शेजारचा कंसातला आकडा दाबला की थेट तिथे उडी.

शोधून पर्याय सापडतो पण मेन्यूत दिसत नाही, ही सर्वांत जास्त विचारली जाणारी अडचण. उत्तर त्याच पडद्यावर 'डिपेंड्स ऑन' या ओळीत असतं. तिथे ज्या नावापुढे '=एन' आहे तो आधी चालू करा. लॅन आणि वायफायच्या बाबतीत हा अडसर अनेकदा 'नेट_व्हेंडर_' किंवा 'डब्ल्यूलॅन_व्हेंडर_' ने सुरू होणारा पर्याय असतो. तो स्वतः कसलाही ड्रायव्हर बांधत नाही, फक्त त्या कंपनीच्या ड्रायव्हरांचं दार उघडतो. 'माझ्याकडे या कंपनीचं काही नाही' म्हणून झाडून बंद करताना नेमकं आपलं दार बंद होतं.

चौकोनी कंसात फक्त हो-नाही असतं, टोकदार कंसात 'एम' चालतं. महिरपी कंस म्हणजे दुसऱ्या कुणीतरी हा पर्याय ओढून घेतलाय, तो 'एम' किंवा 'वाय' राहील, 'एन' होणार नाही. दोन्ही बाजूंना आडव्या रेघा म्हणजे तुमच्या हातात काही नाही. आणि 'एम' वर अवलंबून असलेली गोष्ट 'वाय' होऊ शकत नाही: आवाजाचा गाभा 'एसएनडी' जर 'एम' असेल तर यूएसबी ऑडिओही 'एम'च. बटण दाबूनही तारा (मेन्यूतली 'वाय' ची खूण) येत नाही तेव्हा कीबोर्डला दोष देऊ नका, वरच्या पर्यायाकडे बघा.

इंटेल वायफायची एक खास चूक इथेच सांगायला हवी. 'आयडब्ल्यूएलवायफाय' निवडून भागत नाही. त्याखाली 'आयडब्ल्यूएलएमव्हीएम' किंवा, जुन्या कार्डांसाठी, 'आयडब्ल्यूएलडीव्हीएम' लागतं. दोन्ही नसतील तर मेन्यू स्वतःच इशारा छापतो, पण तो वाचतो कोण?

'स्टेजिंग', 'एक्स्पर्ट' आणि 'कम्पाइल_टेस्ट' यांच्या वाटेला कारणाशिवाय जाऊ नका. आणि जो पर्याय कळत नाही तो आहे तसा सोडा. अनोळखी 'वाय' बंद करून वाचणारी जागा नगण्य, त्यामुळे होणारी शोधाशोध दिवसभराची.

.कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून हाताने बदलली, किंवा 'स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --मॉड्यूल' ने पर्याय घातला, तर अवलंबन तपासलं जात नाही. पुढच्या 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' ला (ही कमांड .कॉन्फिग जुळवून घेते आणि नव्या पर्यायांना ठरलेली उत्तरं देते) अट पूर्ण नसलेली ओळ निमूटपणे गळून जाते, कसलीही कुरकुर न होता. म्हणून:

तपासणी: 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवून झाल्यावर कागदावरचा प्रत्येक पर्याय .कॉन्फिगमध्ये 'ग्रेप' ने शोधा. पंचवीस ओळींना पाच मिनिटं लागतात. जुन्या मालिकेचं कॉन्फिग नव्या मालिकेवर आणलं असेल तर ही तपासणी सक्तीची समजा, कारण पर्यायांची नावं बदलतात. 'आय२सी_एचआयडी' हा एकच पर्याय पुढे फोडला गेला आणि लॅपटॉपांना 'आय२सी_एचआयडी_एसीपीआय' निवडावं लागू लागलं; जुनी ओळ भरवशावर सोडलेल्यांचे टचपॅड तेव्हा गेले.

७. फर्मवेअर: ड्रायव्हर आहे, तरी उपकरण मुकं

वायफाय, ब्लूटूथ आणि बरीचशी ग्राफिक्स कार्डं यांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरची फाइल लागते. ती '/लिब/फर्मवेअर' मध्ये, म्हणजे डिस्कवर असते. ड्रायव्हर 'वाय' केला की तो डिस्क उघडण्याआधीच जागा होतो, फाइल मागतो, ती मिळत नाही, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदीत, '-२' या त्रुटीची ओळ पडते. '-२' चा अर्थ 'फाइल सापडली नाही' एवढाच. लोक मग फर्मवेअरचं पॅकेज पुन्हापुन्हा बसवतात. फाइल जागेवरच असते. चुकलेली असते ती वेळ. तोच ड्रायव्हर 'एम' केला की डिस्क उघडल्यावर लोड होतो आणि फाइल सापडते.

कोणती फाइल लागते ते 'मॉडइन्फो -एफ फर्मवेअर' आणि पुढे मॉड्यूलचं नाव (इथला 'एफ' मोठ्या अक्षरात) यातून कळतं. यादी लांब आली तर घाबरू नका, ती सगळ्या मॉडेलांसाठी असते. आपल्याला लागणारी नेमकी फाइल दुसऱ्या टप्प्यात काढलेल्या कर्नलच्या बूट-नोंदीत, 'यादी-बूट' मध्ये, सापडते.

काही कारणाने 'वाय'च हवं असेल तर 'एक्स्ट्रा_फर्मवेअर' मध्ये फाइलींची नावं, '/लिब/फर्मवेअर' पासून पुढची, मध्ये मोकळी जागा सोडून लिहा. उबंटू २४.०४ मध्ये या फाइली दाबलेल्या, '.झेडएसटी' शेपटीच्या असतात. त्या आधी उलगडून वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि 'एक्स्ट्रा_फर्मवेअर_डीआयआर' ला तो पत्ता द्या. 'एम' ठेवणाऱ्यांनाही याची झळ लागू शकते: 'एफडब्ल्यू_लोडर_कम्प्रेस' आणि त्याखालचा झेडस्टँडर्डचा पर्याय बंद झाला तर कर्नल फक्त न दाबलेली फाइल शोधत राहतो.

इंटेल वायफाय फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीपासून जुनीकडे उतरत शोध घेतं, त्यामुळे '-२' च्या दोन-तीन ओळी दिसल्या तरी बिघाड समजू नका. सगळ्या संपून 'योग्य फर्मवेअर सापडलं नाही' अशा अर्थाची शेवटची ओळ आली तरच काहीतरी चुकलंय.

याचीच धाकटी बहीण म्हणजे वायफायच्या देशनियमांची फाइल, 'रेग्युलेटरी.डीबी'. 'सीएफजी८०२११' ला 'वाय' केलं तर तीही वेळेवर मिळत नाही, आणि यंत्र 'जग' म्हणून '००' हा संकेत धरून बसतं. वायफाय चालतं, पण ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनल गायब किंवा अर्धवट. 'आयडब्ल्यू रेग गेट' मध्ये भारताचा 'आयएन' येतोय का ते बघा. इथेही औषध तेच: 'एम'.

एएमडी ग्राफिक्सला 'वाय' देऊन फर्मवेअर पुरवलं नाही तर स्क्रीनच काळी होते, म्हणजे चूक वाचायचीही सोय जाते. 'एएमडीजीपीयू' किंवा 'आय९१५' ला 'एम' द्या, आणि सुरुवातीचे संदेश दिसावेत म्हणून 'डीआरएम_सिम्पलडीआरएम', 'सिसएफबी_सिम्पलएफबी' आणि 'फ्रेमबफर_कन्सोल' यांना 'वाय'.

८. साखळीतले ड्रायव्हर: टचपॅड आणि आवाज

काही उपकरणांना एक ड्रायव्हर पुरत नाही, चार-पाच जण हात धरून उभे राहावे लागतात. मधला एक सुटला की उपकरण गप्प, आणि नोंदीत त्रुटीसुद्धा नसते.

हल्लीचा टचपॅड पीसीआय यादीत दिसतच नाही. तो आय२सी तारेवर (बोर्डावरच्या चिपांना जोडणाऱ्या साध्या वाटेवर) बसलेला असतो. इंटेल यंत्रात ती साखळी अशी: 'एमएफडी_इंटेल_एलपीएसएस_पीसीआय', मग 'आय२सी_डिझाइनवेअर_प्लॅटफॉर्म', मग 'आय२सी_एचआयडी_एसीपीआय', त्यावर 'एचआयडी_मल्टिटच'. यात न दिसणारा पाचवा म्हणजे पिनकंट्रोल, चिपच्या पिना सांभाळणारा ड्रायव्हर. टचपॅडवर बोट पडलं की तो एका जीपीआयओ पिनेवरून इशारा देतो, आणि त्या पिना सांभाळतो 'पिनसीटीआरएल_टायगरलेक' सारखा, तुमच्या प्रोसेसरच्या पिढीचा ड्रायव्हर; एएमडीवर 'पिनसीटीआरएल_एएमडी'. तो नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर 'पिन मिळाली की येतो' म्हणून रांगेत थांबतो, आणि थांबूनच राहतो.

तपासणी: अशी थांबलेली मंडळी रूट म्हणून '/सिस/कर्नल/डीबग/डिव्हायसेस_डिफर्ड' या फाइलमध्ये दिसतात. ती रिकामी असायला हवी. ही फाइल फार कमी जणांना माहीत आहे आणि टचपॅडच्या निम्म्या कोड्यांचं उत्तर तिच्यात असतं.

आवाजाची गोष्ट दोन वाटांची. साध्या एचडीए (हाय डेफिनिशन ऑडिओ) वाटेवर 'एसएनडी_एचडीए_इंटेल' सोबत कोडेकचा, म्हणजे आवाजाच्या चिपचा, ड्रायव्हर लागतो, बहुतेक लॅपटॉपांत रियलटेकचा, आणि एचडीएमआयचा वेगळा. कोडेकचं नाव '/प्रॉक/एसाउंड/कार्ड०' मधल्या 'कोडेक#०' फाइलच्या पहिल्या ओळीत असतं. कोडेकचा ड्रायव्हर वगळला तर जेनेरिक ड्रायव्हर कसंबसं काम चालवतो: स्पीकर वाजतो, हेडफोन खुपसल्यावर गोंधळ होतो. डिजिटल माइक असलेल्या नव्या इंटेल लॅपटॉपांत दुसरी वाट, एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर). तिथे 'एसएनडी_एसओसी_एसओएफ_टॉपलेव्हल' चालू केल्याशिवाय खालचे पर्याय दिसत नाहीत, आणि एसओएफचं फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. जुन्या कर्नलवर कोणती वाट चालू होती ते 'यादी-मॉड' सांगेल; तीच धरा.

पेनड्राइव्हचीही छोटी साखळी आहे: 'यूएसबी_स्टोरेज', 'व्हीफॅट_एफएस', 'एनएलएस_कोडपेज_४३७' आणि 'एनएलएस_आयएसओ८८५९_१'. शेवटची दोन उडाली की पेनड्राइव्ह दिसतो पण माउंट होत नाही. '/बूट/ईएफआय' सुद्धा व्हीफॅटच असतं, हे ध्यानात असू द्या.

९. बांधणी आणि बसवणं

डीबग माहिती नको असेल तर 'कर्नल हॅकिंग' मेन्यूत ती बंद करा. जागा आणि वेळ दोन्ही वाचतात. मग:

    मेक -जे$(एनप्रॉक)
    सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल
    सुडो मेक इन्स्टॉल

(दुसऱ्या ओळीत '=१' आधीचं चल मोठ्या अक्षरांत.) शेवटच्या दोन ओळींचा क्रम उलटा करू नका. तिसरी कमांड इनिटरॅमएफएस बनवते, आणि ती बनते दुसऱ्या कमांडने जागेवर ठेवलेल्या मॉड्यूलांतून. क्रम उलटला तर इनिटरॅमएफएस रिकामी किंवा जुनी राहते. 'स्ट्रिप' वगळलं आणि डीबग माहिती चालू असली तर तीच फाइल काहीशे एमबीची होऊन '/बूट' तुंबवते, आणि अर्धवट लिहिलेली फाइल बूट होत नाही.

एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या मेन्यूत नसतो. तो डीकेएमएसमधून नव्या कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो. तो बांधला गेला का ते 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये बघूनच रीबूट करा.

१०. पहिलं बूट: पुन्हा हजेरी

यंत्र रूट डिस्कपाशी थांबलं तर स्क्रीनवरचे 'अननोन-ब्लॉक' पुढचे दोन आकडे बघा. (०,०) असेल तर डिस्कच सापडलेली नाही: कंट्रोलरचा ड्रायव्हर, व्हीएमडी, न उघडलेली इनिटरॅमएफएस किंवा 'रूट=' चा पत्ता तपासा. पहिला आकडा ८ किंवा २५९ असेल तर डिस्क सापडली आहे, पण फाइल सिस्टिम वाचता येत नाही. अर्धा शोध एका ओळीत संपतो.

सुरू झालं तर 'यूनेम -आर' मध्ये तुमची शेपटी दिसते का ते आधी पाहा. ग्रबने जुनाच कर्नल उचलला आणि लोक 'सगळं चालतंय' म्हणून खूश झाले, असंही होतं. मग पीसीआय यादी पुन्हा काढून जुनीशी 'डिफ' लावा. ज्या उपकरणाखालून 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळ गेली, तेवढीच राहिलेली कामं. 'सुडो डीमेसेज --लेव्हल=एरर,वॉर्न' वाचताना (पहिला शब्द प्रत्यक्षात 'ईआरआर', दुसरा 'डब्ल्यूएआरएन') जुन्या कर्नलवरच्या त्रुटी शेजारी ठेवा. बायोसच्या चुकांच्या काही ओळी दोन्हीकडे सारख्याच असतात, त्यांच्यामागे लागू नका. लॅपटॉप एकदा झोपवून उठवा, आणि उठल्यावर वायफाय, आवाज, टचपॅड पुन्हा बघा.

एखादा ड्रायव्हर राहिलाच तर सगळं पुसून सुरुवात करायची गरज नाही. 'मेक क्लीन' न करता पर्याय 'एम' करा, 'मेक' पुन्हा चालवा. बदललेलंच बांधलं जातं. मॉड्यूल बसवा आणि 'सुडो मॉडप्रोब' ने लोड करा. 'अननोन सिम्बॉल' असं उत्तर आलं तर नव्या पर्यायाने कर्नलच्या पोटातलंही काही बदललंय. मग 'मेक इन्स्टॉल' आणि रीबूट. 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' आलं तर चालू कर्नल एका बांधणीचा आणि मॉड्यूल दुसऱ्या बांधणीचं आहे. तिथेही दोन्ही एकत्र बसवून रीबूट करणं हाच उपाय.

जुळलेलं .कॉन्फिग शेपटीच्या नावाने कागदासोबत जपून ठेवा. 'आयकेकॉन्फिग_प्रॉक' चालू केलं असेल तर चालू कर्नलचं कॉन्फिग '/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड' मध्येही मिळतं. पुढच्या आवृत्तीला तेच पायाला घ्या, आणि 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' ने नवे प्रश्न कोणते आलेत ते आधी वाचून मगच 'ओल्डडेफकॉन्फिग' चालवा.